घाटातला शर्यतवाला

आमचा शेजारी ऑटोक्रॉस नावाच्या मोटारींच्या शर्यतीत पहिला आला, असं आमच्या डिंगोरे गावात सगळे सांगतात. ते खोटं आहे.

हा गृहस्थ आपली लाल स्पोर्ट्स कार खांद्यावरच्या टॉवेलने पुसतो आणि बोलण्याआधी तिच्या बॉनेटवर थाप मारतो. जन्म गेला घाटात, म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीच्या सरळ धावपट्टीवर. शर्यत म्हणजे नाकासमोर पळायचं, एवढीच त्याची अक्कल. खोडदजवळच्या माळावर प्लॅस्टिकचे शंकू मांडले होते. त्यांच्यामधून वळत वळत एकेकाने जायचं होतं. तसं समजावूनही याने टायरांवर भंडारा उधळला आणि सगळ्या शंकूंना बगल देऊन गाडी सरळ शेवटच्या रेषेवर नेली. बाद ठरवल्यावर म्हणाला, "वळतच बसायचं व्हतं, तर शर्यत कशाला म्हणता, राव?"

गावात मात्र त्याने पहिला आलो म्हणून सांगितलं आणि गुलाल उडाला. पारावर कुणीतरी शंका काढली, तेव्हा त्याने माझ्याकडे बोट केलं. "भाऊ व्हते की तिथं. इचारा त्यांना."

त्याची बायको ओवाळायला ताट घेऊन उभी होती. मी म्हणालो, "याच्याइतक्या लवकर कुणीच पोचलं नाही."

तेव्हापासून त्यांच्या घरचा सकाळचा पहिला चहा मला येतो, आणि मी तो पितो.