उंडीचे पट्टे आणि भाभींचा हापूस

मी धर्मा बाळू चोगले, वय वर्षे एक्क्याऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, धंदा होड्या बांधणे व दुरुस्त करणे, राहणार श्रीवर्धन किनारा, आमच्या कोळीवाड्याच्या पंचांत सर्वांत ज्येष्ठ, असे लिहून देतो की, श्री. इस्माईलभाई धनसे यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी जे लिहीत आहे, ते माझ्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. जे पाहिले नाही, ते कोणी सांगितले तेही नमूद करीन.

इस्माईलभाईंनी तरुणपणी मस्कतला बागा राखण्याचे काम केले आणि परतल्यावर म्हसळ्याच्या रस्त्यावर रोपवाटिका काढली. आमची ओळख झाली ती धक्क्यावरच्या उंडीच्या झाडामुळे. तिच्या बियांचे तेल माझ्या वडिलांनी होड्यांना लावले. तिच्या सावलीत मी जन्मभर होड्या बांधल्या. गावाने मायेपोटी तिला सिमेंटचा पार बांधला आणि आत खोडावर चढेल इतकी माती भरली. पुढे तिचा शेंडा वाळला, ती कलली, आणि ती तोडावी असे ठरू लागले. तेव्हा इस्माईलभाई आले. खोडाभोवती हात फिरवून म्हणाले, "चोगलेशेट, हा पार नव्हे, गळफास आहे. फोडा."

मी म्हणालो, "पार फोडला तर गाव मला फोडील."

"मग थांबा. झाड पडलं की गावाला नि तुम्हाला, दोघांनाही फोडील."

पार फोडला. मातीखाली उंडीची स्वतःचीच मुळे खोडाला दोरासारखी वेढून आत रुतली होती. माझ्याच पटाशीने त्यांनी ती एकेक तोडली. सर्वांत जाड मूळ मात्र पुढच्या वर्षासाठी राखले. "सगळं एकदम सोडवलं तर बिचारी उभी कशावर राहील?" त्यांच्या पुतण्याने न्हावा शेव्याहून माल बांधायचे जुने पट्टे आणले होते. ते आम्ही खोडापासून खुंटांना बांधले. मी जोर लावून ताणले, त्यांनी ते पुन्हा सैल केले. "होडी नांगरताना दोर असा ताठ ठेवता काय? डोलू द्या तिला. डोलली तरच मूळ धरील."

त्याच वर्षी वादळाचा इशारा आला. आदल्या संध्याकाळी इस्माईलभाई आणखी दोन पट्टे घेऊन आले. कुठून आणले, असे मी विचारले.

"तुमच्या झाडाखाली माणसं बसतात. हे जिथून सोडले, तिथे नुसत्या कोंबड्या बसतात."

आम्ही सारे हसलो. उंडी वादळात टिकली. त्या उपकाराची जाण म्हणून कोळीवाडा दर उन्हाळ्यात त्यांच्या घरी हापूसची पेटी पाठवतो. मी ती स्वतः निवडून भरतो, आणि याचा मला अभिमान होता.

या ग्रंथासाठी छायाचित्र मागण्यास मी गेल्या महिन्यात त्यांच्या घरी गेलो. परसात एका खड्ड्यात पुदिना लावलेला दिसला. खड्डा कसला, असे मी सहज विचारले. पुढील हकिकत त्यांच्या पत्नी झुबेदाभाभी यांनी सांगितली.

"हापूस होता माझा. हे मस्कतला गेले तेव्हा लावलेला. यांच्या मागं घरात मोठं माणूस म्हणाल तर तोच." त्याचीही मुळे खोडाला वेढली होती. इस्माईलभाईंनी ती सोडवून त्याला पट्टे बांधले होते. वादळाच्या आदल्या संध्याकाळी तेच दोन पट्टे सुटून आमच्या उंडीला आले. त्या वादळात हापूस पडला.

मी विचारले, "आणि आमच्या पेट्या?"

"आंबे गोड असतात हो तुमचे," भाभी म्हणाल्या, आणि पुदिना खुडू लागल्या.

इस्माईलभाईंनी हे कधी उच्चारले नाही. वर्षानुवर्षे त्यांच्याशेजारी मी त्याच सावलीत बसलो. ती सावली कोणाच्या परसातून आली, हे मला आता कळले. माझी मान सहसा खाली जात नाही. आज गेली आहे, हे नोंदवतो.

सत्काराला हार घालण्याचे ठरले, तेव्हा ते म्हणाले, "गळ्याभोवती काही नको. ते सोडवण्यातच माझा जन्म गेला." म्हणून आज सकाळी आम्ही हापूसचे कलम घेऊन त्यांच्या परसात गेलो. त्यांनी पिशवी फाडली, आत गोल फिरलेली मुळे चाकूने मोकळी केली आणि पुदिन्याच्या बाजूला कलम लावले. पार बांधायचा नाही, अशी मला तंबी दिली.

गेलेला हापूस याने भरून येणार नाही. तरी या झाडाला फळ धरेपर्यंत आणि पुढेही पुष्कळ उन्हाळे, इस्माईलभाई व भाभी यांना निरोगी आयुष्य लाभो, आणि आमची पेटी त्यांना नकोशी होवो, एवढेच मागतो.

समक्ष हजर साक्षीदार: पंच काशिनाथ वाघे, मच्छी विकणाऱ्या हिराबाई चोगले, पुतण्या अश्रफ धनसे. झुबेदाभाभींचे नाव साक्षीदारांत घालता आले नाही. त्या कलमासाठी पाणी आणायला गेल्या होत्या.