चाकणची तीन गोल नाणी आणि नानांचं वाकडं

चाकणला मुद्दाम जावं असं त्या काळी काही नव्हतं. कांद्याचा बाजार, पडका भुईकोट किल्ला आणि वाटेत नाकातोंडात जाणारी धूळ. तरी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एका सुट्टीच्या सकाळी मी पिंपरीहून तिकडे निघालो, तेही दाबकेसाहेबांच्या स्कूटरवर मागे बसून. कारण माझ्या वडिलांचं नाणं.

वडील, म्हणजे आमचे नाना, फिटर. तरुणपणी इराणात तेलाच्या कारखान्यात होते, तिथल्या बाजारातून त्यांनी चांदीचं एक नाणं आणलं होतं. एका बाजूला पंखांचा मुकुट घातलेला सासानी राजा, दुसऱ्या बाजूला अग्निवेदी आणि दोन पहारेकरी, काठाशी चंद्रकोर आणि चांदणी. हजाराहून जास्त वर्षांपूर्वीचं. आमच्या कॉलनीत दाबकेसाहेबांनी नाणेमंडळ काढलं होतं. साहेब माझ्याच कंपनीत इन्स्पेक्शनचे प्रमुख, म्हणून मंडळाचेही प्रमुख. याहून जास्त पात्रता कुणी विचारली नाही. नानांनी इस्त्रीचा शर्ट घालून, रुमालात बांधून नाणं बैठकीला नेलं. साहेबांनी त्याला व्हर्नियर, म्हणजे केसाएवढा फरक मोजणारी मापपट्टी, लावला.

"गोल नाही. जाडी सारखी नाही. राजा मधोमध नाही. बादशहाच्या टांकसाळीत असला माल पास झाला असता का? नकली आहे, नाना. फसवलं तुम्हाला."

सगळे हसले. नानांनी रुमालाला पुन्हा गाठ मारली आणि त्यानंतर ते नाणं घरातही कुणाला दाखवीनात.

ती नाणी हातोड्याने एकेक ठोकत, म्हणून वेडीवाकडीच असतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. साहेबांना सांगितलंही. "लिहिणाऱ्याने कधी शॉपफ्लोअर पाहिलाय का?" म्हणाले. म्हणून चाकणात कुणाकडे तरी अस्सल इराणी नाणी आल्याची बातमी त्यांना लागली, तेव्हा मी शेपटासारखा मागे लागलो. खरं एखादं नाणं नानांच्या नाण्याशेजारी ठेवून या माणसाचं तोंड एकदाचं बंद करायचं होतं.

भोसरी सोडली की रस्ता अरुंद व्हायचा, मग मोशी, मग इंद्रायणीचा पूल आणि दोन्हीकडे शेतं. आज कुणी ही वाट शोधायला जाणार असेल तर पहाटेच निघा, नाहीतर दिवसभर कंटेनरची पाठ बघत बसाल. मोशीला चहा आणि कांदाभजी घेतली. "एकाचा साइज दुसऱ्याला नाही," असं म्हणत साहेबांनी माझ्या ताटलीतलीही संपवली. बिल अर्थातच मी दिलं.

चाकणात बाजारामागच्या खोलीत एक फेटेवाला बसला होता. त्याने पोत्यावर तीन नाणी मांडली.

"बगा की सायेब. तिन्ही येकसारखी हायती. उन्नीस-बीस न्हाई."

साहेबांनी व्हर्नियर काढला. तिन्हींचा व्यास एक, जाडी एक, राजा बरोब्बर मधोमध. साहेबांचा चेहरा असा उजळला की जणू नातवाचं बारसं आहे. "याला म्हणतात काम," ते म्हणाले.

मी तिन्ही ओळीने ठेवली. तिन्ही राजांच्या कानाखाली एकच बारीक खड्डा, त्याच जागी, तेवढाच. हाताने ठोकलेल्या नाण्यांवर असं होत नाही. ही एका साच्यात ओतलेली होती.

"साहेब, हा खड्डा तिन्हींना कसा?"

"कंट्रोल होता त्यांचा प्रोसेसवर. तुम्ही ड्रॉइंग ऑफिसवाले, तुम्हाला नाही कळायचं."

फेटेवाला जमिनीकडे बघत मिशी कुरवाळत राहिला. साहेबांनी तिन्ही घेतली, घासाघीससुद्धा केली नाही. अशा माणसाच्या सहीशिवाय आमच्या कंपनीतून बोल्ट बाहेर पडत नव्हता.

परतताना मात्र मला धूळही गोड लागत होती. पुढच्या बैठकीत तीन राजांचे तीन कान सगळ्यांपुढे ठेवायचे आणि मग नानांचं वाकडं नाणं. नाना तिथे समोर बसलेले हवेत, एवढंच मनात घोळत होतं.

घरी आलो तर नाना दारात खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर वर्तमानपत्र, हातात कानस. त्यांनी नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. ते गोल होतं. राजा मधोमध यावा म्हणून काठ घासून काढला होता. चंद्रकोर गेली होती, चांदणी गेली होती, मुकुटाचा एक पंखही गेला होता.

"कंपासने आखून घेतलं," नाना म्हणाले. "केसाचा फरक सापडायचा नाही. लाव म्हणावं आता व्हर्नियर."

त्या बैठकीनंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होतो. चांदीचा कीस वाया जाऊ नये म्हणून त्यांनी एका पुडीत बांधला होता.

"होईल ना रे पास?"

कान, खड्डा, साचा, सगळं माझ्या घशाशी आलं आणि मी ते गिळलं. "होईल, नाना," म्हणालो.

झालंही. "स्वच्छ केल्यावर अस्सलपणा दिसतो," असा निकाल साहेबांनी दिला आणि नानांनी मान ताठ करून तो ऐकला. दाबकेसाहेबांबद्दलचा माझा तिटकारा अजून तसूभर कमी झालेला नाही. नाना गेले, नाणं माझ्याकडे आलं. जाणकारांना दाखवलं की ते हळहळतात आणि हे कुठल्या गाढवाने केलं असं विचारतात. तेव्हा मी त्यांच्या हातातून ते काढून घेतो. पुडी मी कुणाला दाखवत नाही. चंद्रकोर, चांदणी आणि राजाचा एक पंख तिच्यात आहे.