आवाज माझाच असल्याचा ठराव

आमच्या गल्लीची पाण्याची पाळी बुडाली होती. चार-पाच दिवसांनी एकदा येणारं पाणी, तेही आलं नाही, आणि पुढं कधी येणार हे कुणी सांगेना. मी पत्रक लिहिलं. पत्रक लिहिणं मला जमतं, कॉलेजपासून तेच करत आलेय. पण पाण्याची वाट बघत बसलेली माणसं पत्रक वाचत नाहीत, त्यावर भजी ठेवतात. म्हणून आमच्या गल्लीच्या समितीनं ठरवलं की महापालिकेच्या झोन ऑफिसवर मोर्चा न्यायचा आणि आधी रिक्षावर भोंगा लावून गल्लोगल्ली पुकारायचं. पुकारायचं कुणी? अर्थात मी. माझा आवाज भारदस्त. निदान त्या दिवसापर्यंत होता.

रेकॉर्डिंग केलं ते मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, पंखा बंद, घामानं मी निथळत होते. निवडणुका, लग्नं, सेल, सगळं पुकारणं दुकानदार तिथंच भरून देतो. मी माइकसमोर उभी राहिले आणि अशी कडाडले की बास. "बंधू-भगिनींनो! पाण्याची पाळी बुडवणाऱ्यांना जाब विचारा! आमचं पाणी कधी सोडणार? उत्तर द्या! टोलवाटोलवी चालणार नाही! वेळ सांगा! लेखी द्या!"

"ताई, वन नंबर आलाय की," दुकानदार म्हणाला. "एको टाकू का?"

"अजिबात नको. सत्याला एको लागत नाही," मी म्हणाले आणि ऐकूनही न बघता निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा आमच्या कोपऱ्यावरून वळली आणि भोंग्यातून कुणीतरी नाकात बोलायला लागलं. किरटा, चिरका आवाज. पाचवीतल्या पोरीनं बाईंकडं चुगली करावी तसा. "उत्तर द्याऽऽ!" शब्द माझे, आवाज भलत्याच कुणाचा तरी. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन रिक्षा अडवली.

"चाचा, हे कुणी बदललं?"

रिक्षावाले चाचा माझ्याकडं बघतच राहिले. "क्या बदला? तुमारा इच आवाज है दीदी. मैं क्या घर से लाया?"

"हा माझा आवाज नाही."

"फिर कौन की?" त्यांनी भोंग्याकडं संशयानं बघितलं.

मला कट स्पष्ट दिसत होता. आंदोलन हास्यास्पद करायचं असेल तर आंदोलकाचा आवाज बारीक करा, सोपं आहे. मी तडक दुकानात गेले. त्यानं मूळ रेकॉर्डिंग लावलं. तीच किरटी बया. मी म्हणाले, मशीन बिघडलंय. त्यानं स्वतःचा आवाज भरून लावला. तो हुबेहूब त्याचाच आला. मी म्हणाले, तुमचा बरोबर येतो आणि माझाच बिघडतो, हाच पुरावा आहे. त्यानं पंखा चालू केला आणि मला पाणी दिलं.

संध्याकाळी गल्लीतल्या बुद्धविहारात समितीची तातडीची बैठक झाली. आमच्या समितीची एक पद्धत आहे: काहीही झालं की ठराव. सतरंजी धुवायची, ठराव. चहात साखर कमी, ठराव. त्यामुळं हाही विषय रीतसर मांडला गेला. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं, सगळ्यांनी डोळे मिटून ऐकलं.

आमच्या अध्यक्ष म्हणजे शेजारच्या आक्का. त्या म्हणाल्या, "आगं पोरी, तुझाच हाय की. लई बारीक हाय, पर तुझाच हाय."

"आक्का, माझा आवाज असा आहे?"

"मग कसा हाय? रोज तर आयकतो आमी. सोसतो म्हन."

सूचक, अनुमोदक, हात वर. 'सदर आवाज ताईंचाच आहे' असा ठराव एक विरुद्ध बाकी सगळे असा मंजूर झाला. माझा आवाज कुणाचा, यावर मतदान झालं आणि त्यात मी हरले! मी भिन्न मत नोंदवायला लावलं. तेही मी ज्या आवाजात सांगितलं, तो ऐकून दोघीजणी हसल्या.

घरी येऊन मोबाईलवर शोधलं तेव्हा खरा गुन्हेगार सापडला. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्या कानात दोन वाटांनी येतो. एक हवेतून, ती सगळ्या जगाला मोकळी. दुसरी आतून, घशापासून डोक्याच्या हाडांमधून थेट कानाच्या आतल्या भागात. ती फक्त मालकासाठी राखीव. हाडांतून खर्जाचे सूर चांगले पोचतात, म्हणून स्वतःला स्वतःचा आवाज भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये आतली वाट नसते. उरतो तो लोकांच्या कानावर पडणारा आवाज. म्हणजे इतकी वर्षं माझ्याच कवटीनं माझी खोटी जाहिरात केली, आणि ती एकट्या मलाच ऐकवली! अशा कवटीचा निषेध कुठं नोंदवायचा, याला खिडकी नाही.

तरीही मी हटले नाही. त्या चुगलखोर आवाजावर मोर्चा निघणार नाही, असं मी ठणकावलं. दुकानदारानं त्याच्या आवाजात तेच शब्द भरून दिले. काय आवाज होता! खोल, गोड, तुपात घोळलेला. रिक्षा निघाली आणि दारादारांतून बाया पिशव्या घेऊन बाहेर आल्या.

"चादरी कुटं हायत ओ?"

"सेल कवापर्यंत हाय?"

त्या आवाजानं वर्षानुवर्षं चादरींचे सेल पुकारलेत. शब्द कुणी ऐकतच नव्हतं. 'पाण्याची पाळी बुडवणाऱ्यांना' इथपर्यंत रिक्षा गेली तरी एक आजोबा विचारत होते, एकावर एक फुकट आहे का.

आक्का भडकल्या. "उद्या मोर्चा हाय, घरात प्यायला पानी न्हाय, आन तू आवाजाचं नखरं करतीस?" त्यांनी स्वतः चाचांना पेन ड्राइव्ह बदलून माझंच रेकॉर्डिंग परत लावायला लावलं. सेल नाही, मोर्चा आहे, हे सांगत मी घरोघर फिरले. ओरडून ओरडून घसा पार बसला. मागून रिक्षा माझ्या नावानं चिरकत होती, आणि आईनं तर खिडकीतून भोंग्यालाच सांगितलं, "पुरे आता, घसा बसंल!"

मोर्चाला माणसं आली. हंडे घेऊन, चांगली रस्ता भरून आली. झोन ऑफिसच्या दारात पाण्याचे साहेब बाहेर आले. आता मी बोलायचं. तोंड उघडलं, आतून नुसती हवा आली. चाचांनी माझी अवस्था बघितली आणि भोंगा चालू केला.

"आमचं पाणी कधी सोडणार? उत्तर द्या!"

साहेबांनी भोंग्याकडं बघून हात जोडले. "मॅडम, परवापर्यंत नक्की सोडतो."

मी समाधानानं मान हलवणार होते. खरंच. "ठीक आहे साहेब," असं म्हणायला ओठही हलवले, पण आवाज फुटला नाही.

"टोलवाटोलवी चालणार नाही!" भोंगा म्हणाला.

"अहो टोलवाटोलवी नाही, अडचण असते... बरं, उद्या."

"वेळ सांगा!"

साहेब चिडले. "उद्या म्हणालो की! तुम्ही ऐकून तर घ्या!"

"लेखी द्या!" भोंगा म्हणाला, आणि क्षणभर थांबून पुन्हा पहिल्यापासून, "बंधू-भगिनींनो!"

मी मध्ये पडायला पुढं झाले, तर साहेब मलाच म्हणाले, "तुम्ही जरा थांबा, त्यांच्याशी बोलतोय ना मी." आक्कांनी माझा दंड धरला आणि कानात म्हणाल्या, "तू गप ऱ्हा. ती बराबर बोलायलीय."

रिक्षा ऐकत नव्हती, दमत नव्हती, साहेबांचा चेहरा बघून तिला वाईटही वाटत नव्हतं. दुसऱ्या फेरीत उद्याचं आज झालं. तिसऱ्या फेरीत साहेबांनी आतून कागद मागवला, उभ्याउभ्या लिहिलं, शिक्का मारला आणि माझ्या हातात दिला.

"हे त्यांना द्या. आणि बंद करायला सांगा आता, कृपा करून."

चाचांनी भोंगा बंद केला. मी कागद वाचला. 'आज पाणी सोडण्यात येईल.' आज म्हणजे केव्हा, ते लिहिलेलं नव्हतं.

मी कागद साहेबांना परत दिला आणि चाचांना हातानं खूण केली: लावा.