सुफऱ्याचं टोक

आमच्या घरात कुठलीच गुंडाळी सुखाने नांदत नाही. चिकटपट्टी असो, सुतळी असो, ॲल्युमिनियमचा कागद असो, जे काही गोल गुंडाळलेलं घरात येतं ते अबू जवाद, म्हणजे आमच्या जवादचे वडील, माझा नवरा, स्वतः बनवलेल्या लाकडी खोक्यात कोंडतात. वीज कंपनीतून निवृत्त झाल्यापासून अंगणातल्या खोलीत त्यांची करवत चालते आणि इकडे माझं डोकं उठतं. सुतळीच्या खोक्यातून सुतळी येते खरी, पण खोकंही तिच्यामागून ओट्यावरून खाली येतं.

या वेडाचं मूळ सुफरा. जेवायला जमिनीवर अंथरतो त्या प्लास्टिकच्या गुंडाळीचं टोक कुणाला कधी पटकन सापडलंय? पाहुणे हात धुऊन बसलेले, भात निवतोय आणि यजमान नखाने गुंडाळी खरवडतोय. टोक मिळालंच, तर कारखान्याने पाडलेल्या छिद्रांच्या रेघेवर ती नको तिथे फाटते. काही वर्षांपूर्वी अशीच फाटली, तीही नेमकी थोरल्या दिरांपुढे, अबू नासिरांपुढे. पलीकडच्या तुकड्यावर बकऱ्याचं ताट, अलीकडच्या तुकड्यावर ते आणि त्यांची मुलं. "आम्हाला वेगळी पंगत का?" एवढंच विचारून ते घास न घेता उठले. त्यानंतर एकाच गल्लीत राहून त्यांनी आमच्याकडे कॉफीचा घोटही घेतला नाही.

लोक मध्ये पडले, मशिदीतले शेख समजावून थकले, म्हातारा काही हटेना. आणि माझ्या नवऱ्याने काय करावं? जाऊन माफी मागायची सोडून खोकं बनवायला घेतलं. हवा तेवढा लांब, अखंड सुफरा निघेल आणि आपण ठरवू तिथेच कापला जाईल, असं खोकं. मी कपाळावर हात मारून घेतला.

यंदा आमच्या झकियाचा साखरपुडा ठरला. काका जेवले नाहीत तर नवऱ्यामुलाकडचे काय म्हणतील, या काळजीने माझी झोप उडाली होती. शेवटी पोरगी स्वतः जाऊन काकांसमोर बसली. येईन म्हणाले, जेवायचं तेव्हा बघू म्हणाले.

शुक्रवारच्या नमाजानंतर पुरुषांच्या बैठकीची खोली भरली. दाराशी ठोकलेल्या खोक्यातून अबू जवादांनी सुफरा ओढला, तो सळसळत थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला. कुठे छिद्र नाही, कुठे जोड नाही. पडद्याआडून बघताना मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. लाल तांदळाची ताटं मांडली गेली. मग त्यांनी खोक्यावरची कापायची दातेरी पट्टी खाली दाबली आणि सुफरा कापलाच जाईना.

भावाचा मान म्हणून शहाण्याने दुकानातला सगळ्यात जाड सुफरा आणला होता. पट्टी बनवली होती पातळ सुफऱ्यासाठी. हे दाबतायत, प्लास्टिक नुसतं चुरगळतंय, खोकं करकरतंय, पाहुणे खाली माना घालून बसलेत. मी जवादच्या हाती कात्री पाठवली, ती त्यांनी परत पाठवली. खोकंच कापेल म्हणे. मला वाटलं, आत जावं आणि ते खोकं उचलून विहिरीत टाकावं.

तेवढ्यात अबू नासिर उठले. भिंतीच्या कडेने ते दारापर्यंत आले, पण बाहेर न पडता त्यांनी भावाचं मनगट धरलं आणि त्याला नावाने हाक मारली.

"राहू दे, मक्की. कापू नकोस. एकदा फाटला तेवढा पुरे."

आणि मानाची जागा सोडून ते तिथेच खोक्याशी बसले, जिथे एरवी मुलंही बसत नाहीत. अबू जवादांना हाताला धरून शेजारी ओढलं, ताटातला मांसाचा चांगला तुकडा तोडून त्यांच्यापुढे ठेवला. मग स्वतःही घास घेतला.

जाताना दिरांनी पडद्याकडे तोंड करून विचारलं, "उम्म जवाद, पुढच्या शुक्रवारी काय करणार?" मासे करेन म्हटलं. मला रडू येत होतं.

पाहुणे गेले. हाडं, शितं, खजुराच्या बिया घेऊन तो लांबलचक सुफरा अजून खोक्याला लटकलेला, आणि अबू जवाद डोळे पुसत पट्टीचे दाते तपासतायत. आणखी धारदार करायला हवेत म्हणे. मी कात्री घेतली. खोक्याला लावून कापणार होते, पण हात जरा मागे घेतला आणि वीतभर सुफरा बाहेर लोंबत ठेवला.

पुढच्या शुक्रवारी टोक शोधत बसायला नको.