शून्य कुठून धरायचं

अड्याळचे देवाजी रामटेके जवाहरनगरच्या कारखान्यातल्या कामगारांची बस चालवायचे. एवढ्या वर्षांत एका माणसाला त्यांनी खरचटू दिलं नाही. तोंडाने मात्र फटकळ, आणि स्वतःच्या बाबतीत तर जरा जास्तच.

उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवं अंग गेलं. त्याच महिन्यात त्यांचा जुना सोबती चिंधू यालाही झटका आला होता. चिंधू आता तलावाच्या पाळीवर, बांधावर, फिरायला जातो आणि देवाजींना मात्र खाटेवरून उठणंही जमत नाही. झालं, त्यांनी व्यायामच सोडला. "त्याचं जमलं, माह्यं नाही जमत," एवढंच बोलायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. व्यायाम थांबला तर आहे ते बळही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बायको उषाबाईंनी विनवलं, रागावून पाहिलं, एकदा पदरात तोंड घालून रडल्याही. म्हातारा ढिम्म.

लेक अपेक्षा नागपूरच्या कॉलेजात केमिकल इंजिनिअरिंग शिकवते. वडिलांसाठी ती घरी येऊन राहिली होती आणि त्यांच्याच खोलीत बसून लॅपटॉपवर तास घ्यायची. देवाजी झोपेचं सोंग घेऊन ऐकायचे. कळायचं काहीच नाही, पण लेकीच्या आवाजाने त्यांना बरं वाटायचं.

त्या दिवशी ती मुलांना सांगत होती, की प्रत्येक वायूचं एक क्रांतिक तापमान असतं. त्याच्या वर कितीही दाबलं तरी वायूचा द्रव होत नाही. तसाच एक क्रांतिक दाबही असतो. वायूचं तापमान आणि दाब त्याच्या स्वतःच्या या आकड्यांनी भागले, की एरवी निरनिराळे वागणारे वायू जवळपास सारखे वागताना दिसतात. मग ज्याची मोजणी झालेली नाही, त्याचाही अंदाज बांधता येतो. उदाहरणाला तिने मिथेन घेतला, भागाकार केला आणि उत्तर आलं उणे, जे शक्यच नव्हतं. ती स्वतःशीच हसली. "अरे, मी सेल्सिअसमधेच भागलं. शून्य चुकलं."

तास संपल्यावर खाटेवरून आवाज आला. "शून्य बी चुकते का वं?"

"चुकते ना बाबा. पाणी गोठते तिथं लोकायनं आपल्या सोयीनं शून्य मांडलं. खरं शून्य त्याच्या जवळपास पावणेतीनशे डिग्री खाली हाये. तिथून मोजलं तरच एकाची दुसऱ्याशी तुलना होते."

देवाजींनी उषाबाईंना हाक मारली. त्या आत आल्यावर म्हणाले, "चिंधूले दवाखान्यात कसं नेलं होतं?"

"पोराच्या मागं गाडीवर बसून गेले ते."

"अन् मले?"

उषाबाईंनी लेकीकडे पाहिलं. उत्तर अपेक्षानेच दिलं, तेही अडखळत. "चादरीत उचलून, बाबा. तुमची मान बी आम्हीच धरली होती."

सकाळी चहाचा कप देवाजींनी उजव्या हाताने धरला होता आणि अर्धा सांडला म्हणून चिडून ढकलला होता. मान धरता येत नव्हती त्या माणसाने कप धरला होता, हे त्यांच्या आता ध्यानात आलं. डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"वॉकर आण," ते लेकीला म्हणाले.

उभं राहतानाच दोनदा परत खाटेवर बसावं लागलं. मग खुरडत, थांबत ते दाराच्या चौकटीपर्यंत आले. उंबऱ्यापाशी पाय लटलटू लागले, तशी अपेक्षा हात पुढे करून धावली.

"धरू नोको," देवाजी म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पण दूर बी जाऊ नोको."