व्याह्यांची कुस्ती, चार सेलवर

तोच गेम पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा माझ्या टेबलावर आला, तेव्हा माझं डोकं फिरलं.

"वस्ताद, तुम्ही हा चहात बुडवता की काय?"

"माझ्यावर का डाफरतोस, इंजिनेर? दोनदा उघडलास तू. मग चूक कुणाची? तुझीच की!"

मल्लाप्पा वस्तादांनी काठी आपटली. दुकानातली दोन गिऱ्हाइकं उगीचच बाजूला सरकली.

कोल्हापुरात माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या गल्लीतली तालीम वस्ताद चालवायचे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांना आखाड्यात उतरायची बंदी केली. घरात बसून सासरे सगळ्यांवर ओरडतात म्हणून मस्कतच्या जावयानं त्यांना हातात मावणारा व्हिडिओ गेम आणून दिला. चार सेलवर चालणारा, मारामारीचा. तसाच दुसरा त्यानं कुरुंदवाडला आपल्या वडिलांना, शिवगोंडा आण्णांना दिला. कुणी रुसायला नको.

दोन्ही गेम एका वायरीनं जोडले की दोघांना एकमेकांशी लढता येतं. त्या वायरीला लिंक केबल म्हणतात. दोन म्हाताऱ्यांना हे कळायला एक दिवस लागला, आणि त्या दिवसापासून दोन्ही घरांची शांतता गेली. आण्णाही तरुणपणी लाल मातीत लोळलेले. वस्तादांनी तर बटणांचे डाव बसवले होते. खाली, पुढे आणि बी दाबलं की ढाक. दोनदा मागे आणि ए म्हणजे एकलंगी.

"रविवारच्या आत चालू पायजे," वस्ताद म्हणाले. "नातीचं बारसं हाय. मला माझ्या आईचं नाव ठेवायचं हाय, गौराबाई. आण्णा म्हणतोय त्याच्या आईचं, बसव्वा. तीन कुस्त्यात जो जिंकंल त्याचं नाव. मशीन बंद पडलं तर आण्णा चितपट धरणार, आन् माझी आई गेली उडत!"

शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी काठी खाली ठेवली. मी स्क्रू काढायला घेतले.

गेम ज्या डबीत असतो तिला कार्ट्रिज म्हणतात. तिच्या खालच्या कडेला सोनेरी पट्ट्या असतात. त्या मशीनला नीट टेकल्या नाहीत की पडद्यावर नुसत्या रेघा येतात. पहिल्या वेळी मी त्या पट्ट्या स्पिरिटनं पुसल्या होत्या. दुसऱ्या वेळी बटणांखालची रबरं बदलली होती. या वेळी भिंग लावून बघितलं, तर सगळीकडे तांबूस, चिकट थर. वास घेतला. तेल, हळद, ताक.

"वस्ताद, ही तालमीतली माती आहे."

"तालमीत न्हेलाच न्हाई! आईशप्पत!"

आईच्याच नावासाठी लढणारा माणूस तिची खोटी शपथ घेणार नाही. मी मशीन धुऊनपुसून दिलं आणि शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन समोर बसलो.

त्यांची लेक सुनंदा बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. वस्तादांनी गेम पाटावर ठेवला. शेजारी पितळी वाटी, वाटीत लाल माती. त्यांनी मातीला हात लावून कपाळाला टेकवला, दोन्ही तळवे मातीनं चोळले, एक चिमूट गेमवर टाकली आणि मग स्विच दाबला.

"हे काय?" मी ओरडलोच.

"काय म्हंजे? मातीला हात लावल्याबिगर कुस्ती धरत्यात व्हय?"

"रोज असंच चालतंय, काका," सुनंदा म्हणाली. "तालमीतली पोरं वाटी भरून आणून देत्यात."

मी माती बंद करायला सांगितली. वस्तादांनी गेमच खाली ठेवला. बिनमातीची कुस्ती त्यांना नको होती. अर्धा तास वाद घातला, शेवटी मीच डोकं चालवलं. पार्ट ठेवायच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत चिमूटभर माती भरली, मेणबत्तीवर पिशवीचं तोंड चिकटवलं आणि ती टेपनं गेमच्या पाठीला लावली.

"आता माती मशीनलाच आहे. नमस्कार करा, पण पिशवीबाहेरची माती या मशीनला लागता कामा नये."

वस्तादांनी पिशवी दाबून बघितली. "चालतंय," म्हणाले. मी इतका खूश झालो की येताना चार जणांना ही युक्ती सांगितली.

रविवारी बारशाला मला पंच म्हणून बोलावलं, कारण मशीन बंद पडलं तर ते मलाच उघडता येत होतं. पाळण्याभोवती बायका, दोन खुर्च्यांभोवती पुरुष. दोन्ही व्याही फेटे बांधून बसले. पहिली कुस्ती वस्तादांनी मारली. दुसरी आण्णांनी.

तिसऱ्या कुस्तीआधी वस्तादांनी खिशातून पुडी काढली आणि मूठभर माती आण्णांच्या हातांवर टाकली. आखाड्यात ही रीतच आहे. समोरच्याला माती लावायची, म्हणजे पकड दोघांना सारखी मिळते. आण्णांनीही मान लववून तळवे चोळले आणि मी तोंड उघडायच्या आत गेम उचलला.

अर्ध्या मिनिटात त्यांचं वरचं बटण अडकलं. आण्णांचा पैलवान जागच्या जागी उड्या मारायला लागला.

"अय्यो, ह्यो खाली का येईना?"

"हाण, वस्ताद, हाण!" सगळे ओरडले. एक ढाक पुरली असती. वस्तादांनी अंगठा उचलला, पडद्याकडे बघितलं आणि गेम मांडीवर ठेवला.

"अडकल्याल्या गड्याला मी हात लावत न्हाई."

मला तो माणूस त्या क्षणी फार मोठा वाटला. मी कुस्ती बरोबरीत सोडवली. पण दोघांनाही निकाल हवा होता. मी तिथेच जमिनीवर बसून आण्णांचं मशीन उघडलं. दोघे माझ्या डोक्यावर वाकले. एक म्हणे फुंकर मार, दुसरा म्हणे पाणी मार.

तेवढ्यात पाळण्याकडून "कुर्रर्र" ऐकू आलं आणि आत्याच्या पाठीवर धपाटे पडल्याचे आवाज.

"काय झालं?" वस्तादांनी विचारलं.

"ठेवलं नाव," सुनंदा म्हणाली. "अश्विनी. पोरगी किती वेळ रडायची?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "बरं हाय की," आण्णा पुटपुटले. वस्तादांनी मान हलवली, मग मला म्हणाले, "तू कशाला थांबलास? उघड की. कुस्ती ऱ्हायलीय."

त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकाला काय बिघडलं हे नंतर विचारतो. मशीन सुरू करण्याआधी तुम्ही काय करता, हे आधी. आणि शेजारच्याच्या मशीनला काय करता, हेही.