न वाकणारी मान

सज्जनहो, उज्जैनच्या माधव नगरात यज्ञेश्वर राहतात. शाळेत गणित शिकवतात आणि घरी सायंकाळची आरती कधी चुकवत नाहीत. आरती संपली की त्यांची पंधरा वर्षांची गौरी देवापुढे डोके टेकायची. गेले तीन आठवडे तिला बारीक ताप होता, डोके ठणकत होते. घरचे म्हणत, परीक्षेचे टेन्शन. त्या संध्याकाळी मात्र ती नुसती हात जोडून उभी राहिली.

"वाक की! देवापुढेही ऐट?" यज्ञेश्वर गरजले.

"बाबा, मान वाकतच नाही हो," म्हणत ती रडू लागली.

तिला तसेच उचलून त्यांनी रुग्णालय गाठले. डॉक्टरांनी तिची हनुवटी छातीला लावून पाहिली, ती लागेना. मेंदूच्या आवरणाचा टीबी असावा, कमरेत सुई घालून मणक्यातले पाणी तपासावे लागेल, असे त्यांनी सांगितले.

"यज्ञू, त्या सुईने पाय जातात!" थोरले बंधू प्रभाकर आडवे आले.

येरझारा घालणारे यज्ञेश्वर डॉक्टरांपुढे थबकले. "जातात का हो?"

"नहीं सर. पर देर हुई, तो बच्ची जाएगी."

"मग काढा," ते म्हणाले.

पाणी काढले. पक्का अहवाल यायला वेळ होता, म्हणून क्षयाचे औषध त्याच दिवशी सुरू झाले.

"गौरी, पाय हलव गं."

"हलवते, पण तुम्ही आधी बसा!"

यज्ञेश्वर बसले. जीव मात्र बसेना. लेकीच्या हलत्या पावलांवरचा हात काही केल्या उचलवेना.